एसी/डीसी आणि यंग बंधूंची गिटार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एसी/डीसी हा हार्ड रॉक बँड ऐकायला लागलं की काही दिवसांत ठरावीक प्रश्न पडायला लागतात. मलाही पडले होते. आता नव्याने ऐकणारे मला तेच विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली आहेत. ज्यांना या बँडचं नुसतं नाव माहीत आहे त्यांनी वरून खाली वाचावं. जुन्या मंडळींनी थेट माल्कमच्या प्रश्नावर जावं.

'एसी/डीसी' हे नाव कुठून आलं?

शिलाई मशीनवरून. बँडचे दोन गिटारिस्ट भाऊ, माल्कम आणि अँगस यंग, यांची मोठी बहीण मार्गारेट हिला विजेच्या मशीनवर ही अक्षरं दिसली आणि तिने ती भावांना सुचवली. विजेचे दोन प्रकार, प्रत्यावर्ती प्रवाह आणि एकदिश प्रवाह, एवढाच त्याचा अर्थ. नावात सैतानाशी जोडलेला काही गुप्त संदेश आहे, अशी अफवा पुढे अमेरिकेत बरीच पसरली. तिच्यात काही तथ्य नाही.

बँड ऑस्ट्रेलियाचा की स्कॉटलंडचा?

जन्माने ऑस्ट्रेलियाचा, रक्ताने बराचसा स्कॉटलंडचा. यंग कुटुंब ग्लासगोचं. 1963 साली ते सगळे बाडबिस्तरा घेऊन सिडनीला गेले. तेव्हा माल्कम दहा वर्षांचा होता आणि अँगस आठ. घरात गाणंबजावणं होतंच. थोरला भाऊ जॉर्ज लवकरच 'ईझीबीट्स' या बँडमुळे ऑस्ट्रेलियाभर गाजला. घराबाहेर मुलींची झुंबड उडालेली या दोघा धाकट्यांनी शाळकरी वयात डोळ्यांनी पाहिली.

1973 च्या नोव्हेंबरात माल्कमने बँड जमवला, अँगसला घेतलं, आणि त्याच वर्षीच्या 31 डिसेंबरला सिडनीच्या 'चेकर्स' क्लबमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. सुरुवातीच्या अल्बमांचं ध्वनिमुद्रण जॉर्ज आणि त्याचा ईझीबीट्समधला जोडीदार हॅरी वांडा यांनी केलं. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण गाण्यातून जास्तीचं काढून टाकायची शिस्त या पोरांना त्या दोघांनी लावली. गायक बॉन स्कॉटही स्कॉटलंडचाच. फॉरफारमध्ये जन्मलेला, लहानपणाची काही वर्षं किरीम्युअरमध्ये काढलेला, पण वाढलेला ऑस्ट्रेलियात.

गिटारिस्ट म्हटलं की अँगस डोळ्यांसमोर येतो. मग जुने चाहते सारखं माल्कमचं नाव का घेतात?

या प्रश्नाचं उत्तर मला एका बिघडलेल्या हेडफोनने दिलं. त्याची एक बाजू बंद पडली होती आणि नवा घ्यायला आठवडाभर जाणार होता, म्हणून मी एकाच कानाने 'बॅक इन ब्लॅक' अल्बम ऐकत राहिलो. या बँडच्या बहुतेक ध्वनिमुद्रणांत दोन भावांच्या दोन गिटारी दोन बाजूंना ठेवलेल्या असतात. माझ्या वाट्याला माल्कमची बाजू आली होती.

पहिल्या दिवशी वाटलं, गाण्यातला जीवच गेला. अँगसचे ते मधेच उसळणारे सूर नाहीत, तारा खेचल्याचा आवाज नाही. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की गाणं आपल्या पायांवर उभं आहे. ड्रम, बेस, गायक आणि ही एकच गिटार. ती कधी पुढे येत नाही, कधी घाई करत नाही, आणि कडव्यातून ध्रुवपदात जाताना तिचा नुसता जोर बदलतो, वेग नाही. हेडफोन बदलल्यावर अँगस परत आला तेव्हा तो मला आधीपेक्षा दुप्पट आवडला, कारण तो कशावर उभा राहून नाचतोय ते आता ऐकू येत होतं.

तबल्यावर नुसता ठेका धरून बसलेल्या माणसाकडे श्रोत्यांचं लक्ष जात नाही, पण गवयाला विचारा, तो ठेका हलला तर काय होतं ते. माल्कमचं काम तसं होतं. आणि ठेक्यापलीकडेही बरंच काही त्याच्या हातात होतं. बँड त्याने काढला, रिफ (गाण्यात परत परत येणारे गिटारचे तुकडे) दोघांनी मिळून रचल्या, कुठल्या गाण्यात काय ठेवायचं नि काय गाळायचं याचा शेवटचा शब्द बहुतेकदा त्याचा असे.

कधी जुन्या कार्यक्रमाचं चित्रण पाहिलंत तर एकदा अँगसवरून नजर काढून मागे बघा. माल्कम आपल्या अ‍ॅम्पच्या (म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्रांच्या) भिंतीला जवळजवळ टेकून उभा असतो. ध्रुवपदाला साथ द्यायची वेळ आली की चार पावलं पुढे येतो, माइकवर आपली ओळ म्हणतो आणि लगेच मागे जातो. प्रत्येक ध्रुवपदाला हेच. क्लिफ विल्यम्सही बेस घेऊन तसाच पुढे येतो, तसाच मागे सरकतो. समोरचा सगळा मंच त्यांनी एका माणसाला पळायला मोकळा सोडलेला असतो.

अँगस शाळेचा गणवेश का घालतो?

हीसुद्धा मार्गारेटचीच कल्पना. शाळेतून आला की कपडे न बदलता तो गिटार घेऊन बसायचा, ते तिच्या डोळ्यांसमोर होतं. त्याआधी त्याने स्पायडरमॅन, झोरो, गोरिला असे अवतार करून पाहिले होते. टिकला तो गणवेशच: आखूड पँट, कोट, टाय, टोपी, पाठीवर दप्तर. अँगसचा जन्म 31 मार्च 1955 चा. म्हणजे सत्तरीतही तो त्याच आखूड पँटमध्ये मंचावर येतो.

लोक याला निव्वळ गंमत समजतात. मला वाटतं, त्या कपड्यांनी त्याला मोकळं केलं. मंचाबाहेर तो अगदी अबोल, दारूला न शिवणारा, चहावर जगणारा माणूस. गणवेश चढवला की तो कुणी वेगळाच होतो.

त्यांच्या गिटारींचा आवाज इतका ठोस का येतो?

ऐकणाऱ्याला वाटतं की अ‍ॅम्पचा आवाज प्रचंड फाडलेला असणार. उलट आहे. हार्ड रॉकच्या मानाने यांच्या गिटारी बऱ्याच स्वच्छ असतात. मार्शलचे अ‍ॅम्प भरपूर मोठ्याने लावलेले, पण त्यातला खरखराट बेताचा. त्यामुळे कॉर्डमधली (एकदम छेडलेल्या सुरांमधली) प्रत्येक तार वेगळी ऐकू येते आणि दोन गिटारींचा मिळून लगदा होत नाही. घरी वाजवणारे पहिली चूक इथेच करतात: खरखर वाढवतात आणि मग आवाज पातळ का लागतो म्हणून हैराण होतात.

माल्कमची गिटार म्हणजे 1963 ची ग्रेच जेट फायरबर्ड. हॅरी वांडाने त्याला दिलेली. मूळची लाल होती. माल्कमने तिचा रंग खरवडून लाकूड उघडं केलं, आणि पिकअपही (तारांचा आवाज पकडणारे चुंबकी भाग) काढून टाकले. उरला तो ब्रिजजवळचा एकच. काढलेल्या पिकअपच्या जागी खड्डे तसेच राहिले. फोटो मोठा करून पाहिलात तर ते दिसतात. त्यावर चांगल्या जाड तारा. अशा तारांवर दिवसभर वाजवायला मनगटात बळ लागतं, पण सूर जो मिळतो तो घंटेसारखा भरीव असतो.

अँगसची गिटार गिब्सन एसजी. पातळ आणि हलकी, बारीक चणीच्या माणसाला गळ्यात अडकवून धावता येईल अशी. बैलाच्या शिंगांसारखी तिची दोन टोकं आता त्याच्या चेहऱ्याइतकीच ओळखीची झाली आहेत. पायाशी इफेक्ट पेडलांची रांग त्याच्याकडे नसते. एक गोष्ट मात्र जाणकार आवर्जून सांगतात: सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात त्याने शेफर-व्हेगा नावाचं वायरलेस यंत्र वापरायला सुरुवात केली, ते पळता यावं म्हणून. पण त्या यंत्रातून जाताना सूर थोडा दाबला जायचा आणि थोडा उचललाही जायचा. तो परिणाम इतका जमून आला की स्टुडिओत, जिथे पळायचं नव्हतं तिथेही, तेच यंत्र जोडलं गेलं.

तीन तर कॉर्ड असतात. यात अवघड काय?

बोटं कुठे ठेवायची, हे खरंच सोपं आहे. 'बॅक इन ब्लॅक'ची सुरुवात घ्या. आधी हाय-हॅटचे, म्हणजे ड्रमसोबतच्या झांजांचे, चार ठोके. मग 'ई' कॉर्डचा एक घाव, आणि लगेच शांतता. त्या शांततेत फक्त ड्रमचा ठेका चालू असतो. मग 'डी'चे तीन घाव, पुन्हा जागा, 'ए'चे तीन घाव. शिकणारा हे पहिल्याच दिवशी वाजवतो.

अवघड आहे ती मधली जागा. घाव घातल्यावर तारांवर तळवा नेमका कधी टेकवायचा, आवाज कुठे तोडायचा, आणि पुढच्या घावापर्यंत हात आवरून कसा धरायचा. नवखा माणूस शांततेला घाबरतो. तो तिथे एखादा सूर भरतो, नाहीतर अर्धा ठोका आधीच पुढच्या कॉर्डवर जातो. दोघे भाऊ आणि ड्रमर फिल रड, तिघेही तो क्षण पूर्ण जाऊ देतात, आणि मग एकदम एकत्र उतरतात. आपल्याकडे समेवर येण्याचा जो आनंद आहे, तोच इथे दर चार मोजणीला मिळतो. कुणी मला विचारलं की या बँडचं मोठेपण कशात आहे, तर मी त्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवीन.

पण त्यांची सगळी गाणी सारखीच वाटतात, नाही का?

ओळखीची वाटतात, हे मान्य. साधनं तीच, ठेकाही बहुतेक वेळा तोच. पण जरा कान लावला की फरक कळतो. 1977 च्या 'लेट देअर बी रॉक'मध्ये सगळं कडेलोटाला आलेलं आहे, वाद्यं एकमेकांवर आदळतात. त्याच्या पुढच्याच वर्षीचा 'पॉवरएज' काळवंडलेला, पैशाच्या ओढाताणीची आणि फसलेल्या प्रेमाची गाणी असलेला. माझ्या मते बॉन स्कॉटचं सर्वांत चांगलं लेखन त्यात आहे. 1979 च्या 'हायवे टू हेल'पासून निर्माता मट लँग आला आणि ध्रुवपदं एकदम रुंद झाली, हजारोंनी एकत्र म्हणावीत अशी. 1990 च्या 'थंडरस्ट्रक'ची सुरुवात तर एकाच तारेवर आहे: मोकळी 'बी' तार आणि तिच्यावर डाव्या हाताची सतत चालणारी बोटं.

ऐंशीच्या दशकात मधले काही अल्बम कमी पडले, हेही खरं. मी ते फारसे ऐकत नाही.

अँगसच्या सोलोंमध्ये एवढं काय आहे? त्याच्याहून वेगात वाजवणारे पुष्कळ आहेत.

आहेत, आणि वेगाच्या शर्यतीत तो कधी उतरलाच नाही. त्याचं सगळं घर ब्लूजवर आणि रॉक अँड रोलचा जुना गिटारिस्ट चक बेरी याच्यावर उभं आहे. एका पायावर उड्या मारत पुढे जायची ती चालही चक बेरीकडूनच आलेली. स्वरांची निवड साधी, जुन्या ब्लूजवाल्यांच्या पाच सुरांतली. त्याची ओळख पटते ती सुराला दिलेल्या कंपनात. तार खेचून सूर जागेवर आणला की तो त्याला असा झपाट्याने थरथरवतो की एका सुरातही माणूस ओळखावा.

आणि तो सुटा सोलो वाजवत नाही. गाणं जिथे सोडलं तिथून उचलतो, एक लहान वाक्य म्हणतो, तेच जरा फिरवून परत म्हणतो, आणि मग वर चढतो. बरेच सोलो आपल्याला तोंडाने गुणगुणता येतात, ते यामुळे. खाली माल्कम तसूभर हलत नसतो, म्हणून वर अँगसला वाटेल तिथे जाता येतं.

ध्वनिमुद्रणाच्या वेळी अ‍ॅम्पमधून धूर आला होता म्हणतात. खरं का?

हो, बँडच्या लोकांनीच ही हकिगत अनेकदा सांगितली आहे. 'लेट देअर बी रॉक'चं शीर्षकगीत सिडनीच्या अल्बर्ट स्टुडिओत चाललं होतं. शेवटाकडे अँगसच्या अ‍ॅम्पमधून धूर यायला लागला. काचेपलीकडून जॉर्ज हातवारे करून सांगत होता, थांबू नकोस. अँगस थांबला नाही. अ‍ॅम्पने गाणं संपेपर्यंत दम धरला आणि मग मान टाकली. त्या गाण्याचा शेवट हे माहीत करून घेऊन एकदा ऐका.

बॉन स्कॉट की ब्रायन जॉन्सन?

या वादावर चाहत्यांच्या रात्री गेल्या आहेत. बॉन गोष्ट सांगायचा. त्याच्या आवाजात मिश्कीलपणा होता आणि त्याखाली बरंच सोसलेलं आयुष्य. 19 फेब्रुवारी 1980 रोजी लंडनमध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी तो गेला. बँड मोडायच्या बेतात होता. पुढे चालू ठेवा, असं बॉनच्या आई-वडिलांनीच त्यांना सांगितलं.

ब्रायन इंग्लंडच्या ईशान्येचा, 'जॉर्डी' बँडचा गायक. त्याचा आवाज वेगळाच, वरच्या पट्टीत फाटत जाणारा. आल्या आल्या त्याच्यावर 'बॅक इन ब्लॅक'ची गाणी लिहायची वेळ आली, बहामाजमधल्या नॅसॉच्या स्टुडिओत. बॉनला जाऊन पाच महिने होतात न होतात तोच, 25 जुलै 1980 रोजी अल्बम बाहेर आला. मुखपृष्ठ शोक म्हणून पूर्ण काळं. बँडला अक्षरंही काळ्यावर काळी हवी होती. कंपनीच्या आग्रहाने त्यांच्याभोवती करडी रेघ आली. एकट्या अमेरिकेत तो अडीच कोटींहून जास्त खपला आहे.

मला शब्दांसाठी बॉन लागतो. पण मित्राच्या जाण्यानंतर कुणाची नक्कल न करता त्याची जागा राखणं, हे ब्रायनने ज्या सभ्यपणे केलं त्याला तोड नाही.

'हेल्स बेल्स'मधली घंटा खरी आहे का?

खरी. इंग्लंडमधल्या लाफबरो इथल्या जॉन टेलर यांच्या ओतशाळेत बँडसाठी सुमारे टनभर वजनाची काशाची घंटा ओतून घेतली होती. आधी तिथल्याच युद्धस्मारकाच्या मनोऱ्यातल्या घंटेचा आवाज टिपायचा प्रयत्न झाला, पण ठोका पडला की पाखरं फडफडून उठत आणि तेही मुद्रित होई. शेवटी बँडची स्वतःची घंटाच ओतशाळेत टिपली. तीच पुढे दौऱ्यावर फिरली.

कार्यक्रमात लोक मधेच 'अँगस! अँगस!' का ओरडतात?

'होल लॉटा रोझी'च्या सुरुवातीला गिटार एक तुकडा वाजवून थांबते. त्या प्रत्येक थांब्यावर लोक त्याचं नाव घेतात. ही प्रथा सत्तरच्या दशकातली, मैफिलीतल्या लोकांनीच पाडलेली. आता ती गाण्याचा भागच झाली आहे. 2009 च्या डिसेंबरात ब्युनोस आयरेसच्या रिव्हर प्लेट स्टेडियमवर तीन रात्रींत मिळून दोन लाखांच्या आसपास लोक आले होते. त्याचं चित्रण पाहा: मैदानावरची सगळी गर्दी एका ठेक्यात वरखाली होते, शेत वाऱ्यावर हलावं तशी.

चाहत्याने जाऊन पाहावं असं काही आहे का?

मेलबर्नमध्ये 'एसीडीसी लेन' नावाची गल्ली आहे. 2004 साली तिचं नाव बदललं; मधली तिरपी रेघ रस्त्याच्या नावात बसत नव्हती, म्हणून पाटीवर ती नाही. जवळच्याच स्वॉन्स्टन स्ट्रीटवरून 1976 च्या फेब्रुवारीत हा बँड उघड्या ट्रकवर उभा राहून वाजवत गेला होता, सोबत बॅगपाइपवाले घेऊन. फ्रीमँटलच्या दफनभूमीत बॉनची समाधी आहे आणि तिथल्या बंदरावर त्याचा पुतळा. दुसरा पुतळा किरीम्युअरला आहे. 1 मार्च 2020 रोजी, बॉनला जाऊन चाळीस वर्षं झाली म्हणून, पर्थमध्ये कॅनिंग हायवेचा दहा किलोमीटरचा पट्टा वाहनांना बंद करून त्यावर ट्रकवरून बँड वाजवत नेले होते.

पहिल्यांदा ऐकायचं तर काय ऐकू?

'हायवे टू हेल' हा पूर्ण अल्बम. मग 'बॅक इन ब्लॅक'. नंतर मागे जाऊन 'पॉवरएज'. निवडक गाण्यांच्या यादीपासून सुरुवात करू नका.

माल्कमला काय झालं होतं?

स्मृतिभ्रंश. 2008 ते 2010 च्या 'ब्लॅक आइस' दौऱ्यातच त्याला त्रास सुरू झाला होता. ज्या रिफ त्याने स्वतः रचल्या, तीस-पस्तीस वर्षं रोज वाजवल्या, त्या कार्यक्रमाआधी बसून तो पुन्हा शिकत असे, हे अँगसने नंतर सांगितलं. हे कळल्यावर मी रिव्हर प्लेटचं चित्रण परत लावलं. माल्कम तसाच मागे उभा आहे. एकही घाव चुकत नाही.

2014 मध्ये तो बँडमधून बाहेर पडला. त्याच्या जागी पुतण्या स्टीव्ही यंग आला. 1988 मध्ये माल्कम दारू सोडण्यासाठी थांबला होता तेव्हाही स्टीव्हीनेच ती जागा सांभाळली होती. 22 ऑक्टोबर 2017 ला जॉर्ज गेला आणि 18 नोव्हेंबरला माल्कम, वयाच्या 64 व्या वर्षी. एका महिन्याच्या आत दोन भाऊ. सिडनीच्या सेंट मेरीज कॅथेड्रलमध्ये माल्कमची अंत्ययात्रा निघाली तेव्हा अँगसच्या हातात भावाची ती रंग खरवडलेली ग्रेच होती.

माल्कमनंतरच्या अल्बममध्ये त्याचं काही आहे का?

आहे. 2020 च्या नोव्हेंबरात आलेला 'पॉवर अप' अँगसने दोघांनी मिळून पूर्वी जमवून ठेवलेल्या रिफांमधून उभा केला. बाराही गाण्यांखाली रचनाकार म्हणून दोन नावं आहेत: अँगस यंग आणि माल्कम यंग. एका बाजूला स्टीव्ही काकाच्या रिफ काकाच्याच धाटणीने वाजवतो. शक्य झालं तर हा अल्बम एकदा फक्त त्या बाजूच्या कानाने ऐका.